तारेतला इलेक्ट्रॉन धडकतो तरी कशाला? अतिशीत अणूंनी दिलेलं उत्तर



आजच्या पाठाचं नाव जरा घाबरवणारं आहे : प्रकाशाच्या जाळीतले अतिशीत अणू, त्यांचं वहन आणि स्थानबद्धता. पण सुरुवात आपण नववीच्या वर्गातूनच करू, कारण हा विषय माझ्याकडे तिथूनच आला.

काही वर्षांपूर्वी मी ‘धाराविद्युत’ शिकवत होतो. फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं. तांब्याचे अणू म्हणजे मोठे गोल, इलेक्ट्रॉन म्हणजे ठिपके. ठिपके गोलांवर आपटतात, म्हणून रोध निर्माण होतो, असं सांगितलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, तांब्यात अणू तर अगदी खेटून असतात ना? मग इलेक्ट्रॉन दर पावलाला आपटायला पाहिजे. तार चालतेच कशी?”

मी म्हणालो, “अगं, इलेक्ट्रॉन फार लहान असतो, मधल्या फटीतून निघून जातो.” तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो.

माझं उत्तर चुकीचं होतं, आणि तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. तो इतका बरोबर होता की त्याच्या पहिल्या भागाचं उत्तर १९२८ साली मिळालं, दुसऱ्या भागाचं १९५८ साली, आणि ते उत्तर अणूंच्या रूपात प्रत्यक्ष बघायला २००८ साल उजाडलं. वर्गात असा प्रश्न पुन्हा आला तर आपली तयारी असावी, म्हणून हा पाठ.

१. आधी तिचा हिशोब तपासू

तांब्यातल्या शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर सुमारे ०.२५६ नॅनोमीटर असतं. नेहमीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन न धडकता सरासरी सुमारे ४० नॅनोमीटर जातो. भागाकार करा. साधारण दीडशे अणू ओलांडल्यावर त्याला पहिला धक्का बसतो! शिवाय तांबं जितकं शुद्ध आणि जितकं थंड, तितकं हे अंतर कितीतरी पटींनी वाढत जातं. अणू हाच अडथळा असता तर तार थंड करून काय फरक पडला असता? अणू तर तेवढेच राहतात.

म्हणजे इलेक्ट्रॉन अणूंवर आपटतो हे चित्रच अपुरं आहे. १९२८ साली फेलिक्स ब्लॉख यांनी गणिताने दाखवलं की इलेक्ट्रॉन हा तरंग आहे असं धरलं, तर पूर्णपणे नियमित मांडणीतून तो विनाअडथळा जाऊ शकतो. प्रत्येक अणूवरून तरंगाचा थोडा भाग परततो, पण मांडणी नियमित असल्यामुळे हे सगळे छोटे भाग ठेक्यात राहतात आणि एकूण तरंग पुढे सरकत राहतो. लेझीम पथकात सगळ्यांचं पाऊल एका तालात पडत असेल तर शंभर जणांची रांगही सहज पुढे जाते, तसंच काहीसं. (मुलांना हेही सांगावं की ही फक्त उपमा आहे. लेझीम खेळणारी मुलं एकमेकांत मिसळून नाहीशी होत नाहीत, तरंग मात्र होतात!)

मग रोध येतो कुठून? नियम बिघडतो तिथून. एखादा परका अणू, एखादी रिकामी जागा, आणि उष्णतेमुळे थरथरणारे अणू. पुस्तकातली ‘टक्कर’ ही खरं तर नियमभंगाशी झालेली टक्कर आहे.

२. नियम पुष्कळच बिघडला तर?

इथे कुणीही म्हणेल, की बिघाड वाढला तर रोध वाढेल. दुप्पट बिघाड, साधारण दुप्पट रोध. इलेक्ट्रॉन अडखळत, वाट चुकत, पण उशिरा का होईना पुढे जाईलच.

१९५८ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या फिलिप अँडरसन यांनी सांगितलं, की नाही, असं होत नाही. बिघाड एका मर्यादेपलीकडे गेला की इलेक्ट्रॉन नुसता हळू होत नाही, तो थांबतो. कितीही वेळ वाट बघा, तो आपल्या जागेच्या आसपासच राहतो. यालाच अँडरसन स्थानबद्धता म्हणतात. त्याला कुणी कोंडलेलं नसतं. त्याच्याच तरंगाचे असंख्य परतलेले तुकडे एकमेकांशी असे मिसळतात, की पुढे जाणारा तरंग पुसला जातो. या घटनेला आपल्या पुस्तकात व्यतिकरण म्हणतात. १९७७ साली अँडरसन यांना नेव्हिल मॉट आणि जॉन व्हॅन व्हलेक यांच्यासोबत नोबेल मिळालं.

१९७९ साली अँडरसन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. एका किंवा दोन मितींत थोडासा बिघाडही स्थानबद्धतेला पुरतो. तीन मितींत मात्र बिघाडाला एक उंबरठा ओलांडावा लागतो. या चौघांपैकी एक आपले टी. व्ही. रामकृष्णन होते. बारावीच्या मुलांना हे आवर्जून सांगा.

३. वर्गात करून बघा : पारदर्शक आरसा

आता हे मुलांच्या गळी कसं उतरवायचं? शाळेच्या कपाटात जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट पडून असतील, त्या काढा. नसल्या तर झेरॉक्सच्या दुकानात बायंडिंगसाठी मिळणाऱ्या पारदर्शक शीट चालतील.

एक शीट डोळ्यासमोर धरा. पलीकडचं स्वच्छ दिसतं. दहा धरा, थोडं अंधूक होतं. मग पन्नास, शंभर. गठ्ठा चंदेरी चमकायला लागतो आणि त्यात आपला चेहरा दिसतो. सगळ्या शीट पारदर्शक, आणि गठ्ठा मात्र आरसा! प्रकाश शीटमध्ये जिरला असता तर गठ्ठा काळपट दिसला असता. तो चमकतो, याचा अर्थ बराचसा प्रकाश मागे फिरला आहे. १९९७ साली मायकेल बेरी आणि क्लाइन या शास्त्रज्ञांनी नेमका हाच गठ्ठा घेऊन स्थानबद्धता समजावणारा एक सुंदर लेख लिहिला होता.

आता आकडे घेऊ. समजा एक शीट ९२ टक्के प्रकाश पुढे सोडते आणि ८ टक्के परतवते.

साधा विद्यार्थी म्हणेल : शंभर शीटमधून ०.९२ गुणिले ०.९२ असं शंभर वेळा. उत्तर सुमारे ०.०२ टक्के.

हुशार विद्यार्थी म्हणेल : थांबा सर, परतलेला प्रकाश मागच्या शीटवर आपटून पुन्हा पुढे येईल की! तोही मोजा. दोन शीटसाठी त्याचं म्हणणं अकरावीच्या गुणोत्तर श्रेढीने मांडता येतं. ०.९२ चा वर्ग, गुणिले १ अधिक ०.०८ चा वर्ग अधिक ०.०८ चा चौथा घात, असं पुढे. बेरीज येते ०.८५२. शीट वाढवत गेलो तर या हिशोबाने १० शीटमधून सुमारे ५३ टक्के, ५० मधून १९ टक्के आणि १०० मधून १० टक्के प्रकाश यायला हवा.

गंमत अशी की हुशार विद्यार्थ्याचा तर्क बिनचूक आहे, पण प्रकाश म्हणजे सरळ जाणारे किरण असं धरलं तरच. प्रकाश तरंग आहे. शीटच्या जाडीत आणि मधल्या हवेच्या फटींत किंचित कमी-जास्तपणा असतो, म्हणून परतून आलेले तरंग आपापसात बेताल होतात. तरंगांचा पूर्ण हिशोब केला की ठराविक उत्तर पुन्हा साध्या विद्यार्थ्याच्या आकड्यावरच येतं : १० शीटला ४३ टक्के, ५० ला दीड टक्का, १०० ला ०.०२ टक्के. कुठे १० टक्के आणि कुठे ०.०२! हा फरक म्हणजेच स्थानबद्धता. अमुक इतक्या शीट गेल्या की प्रकाश निम्मा, तेवढ्याच आणखी गेल्या की पुन्हा निम्मा. अशा उतरत्या आलेखाला घातांकी घट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

४. अणूला तरंग कसं बनवायचं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इलेक्ट्रॉनची स्थानबद्धता थेट बघणं फार अवघड. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, पदार्थ उष्णतेने थरथरतो आणि आतला इलेक्ट्रॉन कुठे आहे याचा फोटो काढता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती केली. इलेक्ट्रॉनच्या जागी अख्खा अणू घ्यायचा आणि स्फटिकाच्या जागी प्रकाशाची जाळी.

पण अणू तर गोळीसारखा वागतो, तरंगासारखा नाही. इथे तापमान कामाला येतं. रुबिडिअमचा अणू खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. डी ब्रॉयच्या सूत्राने त्याची तरंगलांबी येते साधारण ०.०१६ नॅनोमीटर, म्हणजे अणूच्या आकारापेक्षाही कमी. आता तापमान ३०० केल्विनवरून १०० नॅनोकेल्विनवर आणा. तापमान तीन अब्ज पटींनी घटलं. वेग तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो सुमारे ५५ हजार पटींनी घटतो आणि सेकंदाला जेमतेम ५ मिलिमीटर उरतो. मुंगीचा वेगच म्हणा. तरंगलांबी तेवढ्याच पटीने वाढून जवळजवळ ८६० नॅनोमीटर होते. बारावीच्या वर्गात हे गणित पाच मिनिटांत होतं, आणि मुलं सूत्राकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

एवढं थंड करायला आधी लेझर वापरतात. अणूच्या समोरून येणारा प्रकाश त्याला मागे रेटतो. मग चहा निवतो त्याच युक्तीने, सर्वांत चपळ अणू निसटू द्यायचे आणि उरलेले थंड होऊ द्यायचे. १९९५ साली अमेरिकेत बोल्डर इथे सुमारे २००० रुबिडिअम अणू १७० नॅनोकेल्विनपर्यंत नेऊन एकाच तरंगावस्थेत आणले गेले. हाच बोस-आइन्स्टाइन संघनित. याची मुळं १९२४ साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना पाठवलेल्या लेखात आहेत.

५. प्रकाशाची जाळी

लेझरचा झोत आरशावरून स्वतःवरच परतवला की स्थिर तरंग तयार होतो. उजेड-अंधार-उजेड असे ठरलेल्या अंतरावरचे पट्टे. अणू त्या पट्ट्यांत असे बसतात, जसे अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी. दोन खड्ड्यांमधलं अंतर तरंगलांबीच्या निम्मं असतं. १०३२ नॅनोमीटरचा लेझर असेल तर ५१६ नॅनोमीटर, तांब्यातल्या अंतराच्या सुमारे दोन हजार पट.

या जाळीचं वैशिष्ट्य म्हणजे सगळं आपल्या हातात असतं. खड्डे खोल करायचे? लेझरची तीव्रता वाढवा. बिघाड हवा? मुद्दाम आणा. शेवटी कॅमेऱ्याने अणूंच्या ढगाची सावली टिपा, तो किती पसरला ते समोर दिसतं.

नियमित जाळीतही अणू आपल्याला चकवतात. जाळीतल्या अणूंवर सतत एकाच दिशेने बल लावलं तर ते पळत सुटायला हवेत ना? ते पळत नाहीत, पुढे-मागे झोके घेतात. यांना ब्लॉख दोलनं म्हणतात. नेहमीच्या धातूत ती दिसत नाहीत, कारण एक झोका पुरा व्हायच्या आतच इलेक्ट्रॉनला धक्का बसतो. १९९६ साली पॅरिसमध्ये अतिशीत सिझिअम अणूंनी ती स्वच्छ करून दाखवली.

६. २००८ : दोन प्रयोगशाळा, एकच उत्तर

जून २००८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात लागोपाठ दोन शोधनिबंध आले.

पहिला पॅरिसजवळच्या पॅलेझोचा, अ‍ॅलन अ‍ॅस्पे यांच्या गटाचा. (हेच अ‍ॅस्पे पुढे २०२२ साली दुसऱ्या कामासाठी नोबेल विजेते झाले.) त्यांनी रुबिडिअम अणूंना लेझरच्या एका अरुंद बोळात सोडलं आणि त्यावर खडबडीत काचेतून गेलेला लेझर टाकला. अशा प्रकाशाची दाणेदार, अनियमित नक्षी होते. भिंतीवरच्या लेझर पॉइंटरच्या ठिपक्याकडे निरखून पाहिलं तर तसेच दाणे दिसतात. (झोतात डोळा घालू नये, हे मुलांना आधी बजावावं.)

ढग पसरायला लागला आणि साधारण एका सेकंदात थांबला. इथे एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यायलाच हवी. त्या नक्षीतले ‘डोंगर’ अणूंच्या ऊर्जेपेक्षा खूपच ठेंगणे होते. गोटी असती तर एकेक डोंगर आरामात ओलांडून गेली असती. एकही डोंगर अणूला अडवायला समर्थ नव्हता, सगळ्यांनी मिळून अडवलं. पारदर्शक शीटचा गठ्ठा आठवा! आणि ढगाच्या कडा कशा उतरत होत्या? घातांकी घटीने.

दुसरा प्रयोग इटलीतल्या फ्लॉरेन्सचा, मास्सिमो इंगुशियो यांच्या गटाचा. त्यांनी पोटॅशिअमचे अणू घेतले आणि चुंबकीय क्षेत्राने त्यांचं एकमेकांना ढकलणं जवळजवळ शून्यावर आणलं. तिथे बिघाड यादृच्छिक नव्हता. १०३२ नॅनोमीटरच्या मुख्य जाळीवर ८६२ नॅनोमीटरची दुसरी, क्षीण जाळी टाकली होती. म्हणजे एका फणीचे दात ५१६ वर आणि दुसरीचे ४३१ वर. दोन फण्या एकमेकींवर धरून बघा. दात कुठे जुळतात, कुठे नाहीत. प्रत्येक फणी नियमित, पण मिळून झालेली रांग तीच ती परत येत नाही.

अशा रांगेसाठी ऑब्री आणि आंद्रे यांनी १९८० साली एक नेमकी अट काढली होती. अणू एका खड्ड्यातून शेजारच्या खड्ड्यात उडी मारतो, त्या उडीची एक ऊर्जा असते. दुसऱ्या जाळीमुळे खड्ड्यांची पातळी जितकी वर-खाली होते, ते प्रमाण या ऊर्जेच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर अणू मोकळे, जास्त असेल तर स्थानबद्ध. फ्लॉरेन्सच्या प्रयोगात दुसरी जाळी क्षीण असताना ढग वेगाने पसरला. ती वाढवत नेली तसं पसरणं मंदावलं आणि शेवटी ढग जिथल्या तिथे राहिला. एका बटणाने अणूंची तार वाहक किंवा विरोधक करता आली!

७. पुढे काय झालं?

यानंतर काही वर्षांतच तीन मितींतले प्रयोग झाले. २०१५ साली म्युनिकमध्ये आणखी अवघड प्रश्न घेतला : अणू एकमेकांना ढकलत असतील तर? त्यांनी एक सोडून एक खड्डे भरले आणि वाट पाहिली. बिघाड नसताना ही नक्षी लगेच पुसली गेली. बिघाड पुरेसा असताना मात्र अणूंना आपली सुरुवातीची रांग ‘आठवत’ राहिली. गरम चहा आणि खोली शेवटी एका तापमानाला येतात, हे आपण गृहीत धरतो. इथे ते होताना दिसलं नाही. अशी स्मृती किती काळ टिकू शकते, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद चालू आहे.

आपल्या पुण्यातल्या आयसर संस्थेतही याच्याशी नातं असलेलं काम झालं आहे. लेझरच्या ठरावीक ठोक्यांनी अतिशीत अणूंना ढकलत राहिलं तर त्यांची ऊर्जा वाढत जायला हवी, पण काही ठोक्यांनंतर ती वाढणं थांबतं. हीसुद्धा स्थानबद्धताच, फक्त जागेतली नाही तर संवेगातली. ठोक्यांचा ताल बिघडवला तर ती मोडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या प्रयोगात ती कशी मोडते हे तपासलं होतं. गंमत बघा, जागेत बिघाड अणूला थांबवतो आणि काळात बिघाड त्याला सोडवतो.

८. वर्गासाठी प्रश्न

*प्र. १. तार तापली की रोध वाढतो. तापल्याने अणूंची संख्या वाढते का?*
उ. नाही. अणू जास्त थरथरतात, त्यामुळे नियमितपणा बिघडतो. रोध त्या बिघाडातून येतो.

*प्र. २. स्थानबद्ध अणू खोल खड्ड्यात अडकलेला असतो, हे बरोबर की चूक?*
उ. चूक. पॅलेझोच्या प्रयोगात अणूंची ऊर्जा डोंगरांच्या उंचीपेक्षा जास्त होती. अणू अडला तो तरंगांच्या व्यतिकरणामुळे.

*प्र. ३. मग आपल्या घरातल्या तारेत अशुद्धी असूनही वीज का वाहते?*
उ. तार तीन मितींची आहे आणि तिच्यातला बिघाड उंबरठ्याच्या बराच खाली आहे. शिवाय उष्णतेची थरथर तरंगांचा ताल सतत मोडत असते, त्यामुळे असं व्यतिकरण टिकत नाही.

*प्र. ४. इलेक्ट्रॉनचा प्रश्न अणूंना विचारून काय साधलं?*
उ. दोघेही तरंगाचे तेच नियम पाळतात. अणूंच्या जाळीत मात्र बिघाड, बल आणि अणूंमधली ढकलाढकल वेगवेगळी बदलता येते आणि परिणामाचा फोटो काढता येतो.

शेवटी पालकांसाठी

“याचा परीक्षेला उपयोग काय?” असं तुम्ही विचाराल. नववीच्या पेपरात यावर प्रश्न येणार नाही, हे खरं. पुस्तकातलं ‘इलेक्ट्रॉन आपटतात’ हे वाक्य मुलांनी पेपरात जरूर लिहावं, तेवढ्या पातळीला ते चालतं. पण मूल घरी येऊन “तार चालतेच कशी?” असं विचारू लागलं, तर त्याला “पुस्तकात दिलंय तेवढं पाठ कर” म्हणू नका. शीटचा गठ्ठा जमवता येतो. तो हातात द्या.

त्या मुलीला मी त्या वर्षी नीट उत्तर दिलं नाही. ती दहावी होऊन गेली. आता दर वर्षी ‘धाराविद्युत’ सुरू करताना मी गोल आणि ठिपक्यांचं चित्र काढतो आणि लगेच तिचाच प्रश्न फळ्यावर लिहितो. मग कपाटातून शीट काढतो.

तुमच्या वर्गात हा प्रयोग करून पाहा. किती शीटला चेहरा दिसायला लागला, ते मुलांना मोजायला सांगा.